रीत आणि ताळा : शालेय संगणन-स्पर्धांची प्रस्तावना

समजा, दोंडाईचाच्या मिरची बाजारात एक हातगाडी उभी आहे. तिच्यावर १०० किलोपेक्षा जास्त वजन घालायचं नाही. समोर तीन पोती आहेत. एक ६० किलोचं आणि दोन ५०-५० किलोंची. पोतं फोडायचं नाही. एका खेपेत जास्तीत जास्त किती माल नेता येईल?

हा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांपुढे ठेवला की बरीच मुलं आधी सगळ्यात जड पोतं उचलतात. ६० किलोचं पोतं गाडीवर चढतं आणि उरलेल्या ४० किलोंच्या जागेत दुसरं काही मावत नाही. खेप ६० किलोंवरच थांबते. एखादी मुलगी मात्र ते जड पोतं बाजूला सारते, ५० किलोंची दोन्ही पोती चढवते आणि गाडी पुरी भरते. वर्गात हशा होतो, टाळ्या होतात. मग शिक्षकांनी शांतपणे पुढचं विचारावं: पोती तीनच होती म्हणून तुला हे दिसलं. तीस असती तर? आणि तुझं उत्तर सगळ्यात चांगलं आहे, याहून जास्त माल नेताच येणार नाही, हे तू कशावरून म्हणतेस?

या दोन प्रश्नांपाशी एका अख्ख्या विद्याशाखेचं दार उघडतं. शाळकरी मुलांच्या संगणन-स्पर्धा म्हणजे त्या दाराशी आपल्या वयाच्या मुलांबरोबर उभं राहण्याची जागा. दोंडाईचा, शिंदखेडा, शहादा, शिरपूर अशा गावांतल्या ज्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आत यायचं आहे, त्यांच्यासाठी ही प्रस्तावना.

आपल्याकडच्या गणिताच्या मास्तरांनी दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहेत. पहिला शब्द 'रीत'. उत्तर बरोबर असलं तरी रीत लिहिली नसेल तर गुण कापले जायचे. दुसरा शब्द 'ताळा'. भागाकार झाला की भाजकाने भागाकाराला गुणायचं, बाकी मिळवायची आणि भाज्य परत येतो का ते पाहायचं. माझ्या मते संगणनशास्त्र समजावून सांगायला मराठीत याहून चांगले शब्द नाहीत. अल्गोरिदम म्हणजे रीत: कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी, हे इतकं नेमकं सांगणं की सांगणारा समोर नसला तरी काम चुकू नये. प्रोग्राम म्हणजे तीच रीत यंत्राला कळेल अशा भाषेत लिहिलेली. आणि स्पर्धा म्हणजे ताळा. तुम्ही प्रोग्राम पाठवला की स्पर्धेचं यंत्र त्याला तुम्ही न पाहिलेली उदाहरणं देतं. एकच पोतं असलेलं उदाहरण, एकही पोतं गाडीवर न मावणारं उदाहरण, सगळी पोती सारख्या वजनाची असलेलं उदाहरण, हजारो पोत्यांचं उदाहरण. रीत यातल्या एकाही ठिकाणी अडखळली तर ते लगेच उघड होतं. तिथं ओळखपाळख चालत नाही, अक्षराचे गुण नाहीत, शाळेच्या नावाला वजन नाही. लहान गावातल्या मुलाला इतका निष्पक्ष परीक्षक दुसरीकडे सहसा भेटत नाही, आणि या स्पर्धांची मला सगळ्यात मोठी वाटणारी देणगी हीच आहे.

आता तीस पोत्यांकडे येऊ. सरळ मार्ग असा की प्रत्येक पोतं घ्यायचं किंवा ठेवायचं, असे सगळे पर्याय तपासायचे. एका पोत्याला दोन पर्याय, दोन पोत्यांना चार, तीन पोत्यांना आठ. तीस पोत्यांना १०७ कोटींहून अधिक होतात. संगणक वेगवान आहे, थोडी वाट पाहिली तर एवढं तो उरकेलही. पण दहा पोती वाढवून चाळीस करा, की पर्यायांची संख्या १ लाख ९ हजार कोटींच्या पुढे जाते. स्पर्धेत प्रोग्रामला बहुधा एक-दोन सेकंदच मिळतात. इथं वेगवान यंत्र विकत घेऊन भागत नाही. रीतच बदलावी लागते.

कागदावर ० ते १०० अशी घरं आखा. प्रत्येक घर म्हणजे गाडीवरचं एक शक्य वजन. सुरुवातीला फक्त ० वर खूण करा, कारण रिकामी गाडी नेहमीच शक्य असते. आता पहिलं पोतं हातात घ्या. ज्या ज्या घरावर खूण आहे, त्यात पोत्याचं वजन मिळवून जे घर येईल त्यावर खूण करा. मग दुसरं पोतं, मग तिसरं. सगळी पोती संपली की सर्वांत मोठ्या खुणेचं घर म्हणजे उत्तर. तीस पोती आणि शंभर घरं, म्हणजे सुमारे तीन हजार पायऱ्या. चाळीस पोत्यांना चार हजार. कोट्यवधींचा डोंगर एका वहीच्या पानावर उतरतो. या रीतीला इंग्रजीत डायनॅमिक प्रोग्रॅमिंग असं भारदस्त नाव आहे, पण मर्म साधं आहे: एकदा काढलेलं उत्तर टिपून ठेवायचं आणि पुन्हा काढत बसायचं नाही.

यात एक खाच आहे आणि तिथं थांबायलाच हवं, कारण शिकणं तिथंच होतं. घरांवर खुणा करताना डावीकडून उजवीकडे गेलात तर ५० किलोच्या एकाच पोत्याने आधी ५० वर खूण होते, पुढे गेल्यावर त्याच नव्या खुणेवरून १०० वरही होते. एकच पोतं दोनदा गाडीवर चढलं! म्हणून शंभरापासून उलटं, शून्याकडे यायचं. मुलं इथं हमखास चुकतात. आपला प्रोग्राम काही उदाहरणांना बरोबर आणि काहींना चूक का ठरतो, हे शोधत ती तासभर बसतात, आणि चूक सापडते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते गुणपत्रिकेने उमटत नाही. कोणत्या दिशेने मोजायचं याला एवढं महत्त्व आहे, हे ज्याला एकदा कळलं तो पुढे कोणतीही सूचना उडत उडत वाचत नाही.

मोजण्याचा हा नाद खानदेशाला नवा नाही. चाळीसगावजवळच्या पाटण गावी भवानीच्या देवळात शके ११२८चा, म्हणजे इ. स. १२०७च्या सुमाराचा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथं मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, अशी ती नोंद. एका गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेली शाळा, तीही आठशे वर्षांपूर्वी आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात! भास्कराचार्यांनी ११५०मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त अंकपाश नावाचं प्रकरण आहे. तिथं ते विचारतात की शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं वेगवेगळ्या क्रमाने दिली तर किती मूर्ती होतील, आणि विष्णूच्या चार हातांत चार दिली तर किती. विष्णूच्या २४ आणि शंकराच्या ३६,२८,८००. चार हातांवरून दहा हातांवर गेलं की संख्या कशी झेपावते ते पाहा. स्पर्धेतला मुलगा प्रोग्राम लिहिण्याआधी नेमका हाच हिशोब करतो: सगळे पर्याय तपासणं परवडेल का? भास्कराचार्यांकडे आजचं सगळं होतं असा दावा मला करायचा नाही. तसे दावे त्यांना मोठं करत नाहीत. पण कोडं घालून रीत शिकवायची, ही त्यांची पद्धत आणि आजच्या स्पर्धेची पद्धत यांचं नातं मला फार जवळचं वाटतं.

आजच्या स्वरूपातली मोठी स्पर्धाही एका लहान गावातच सुरू झाली. बल्गेरियाचे गणितज्ञ ब्लागोवेस्त सेंदोव्ह यांनी १९८७मध्ये युनेस्कोपुढे शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय संगणन ऑलिंपियाडची कल्पना मांडली आणि १९८९मध्ये पहिली स्पर्धा प्रावेत्स इथं भरली. राजधानी सोफिया सोडून या लहानशा गावाची निवड झाली. प्रावेत्स हे तिथं घडणाऱ्या संगणकांचंही नाव होतं. त्या संगणकांवर बल्गेरियातली एक पिढी प्रोग्रॅमिंग शिकली. आज प्रत्येक देशाचे जास्तीत जास्त चार विद्यार्थी या स्पर्धेला जातात. दोन दिवस, दर दिवशी पाच तास, तीन प्रश्न. प्रत्येक प्रश्न १०० गुणांचा, आणि त्यात उपप्रश्नांच्या पायऱ्या असतात. पूर्ण रीत सुचली नाही तरी लहान उदाहरणांपुरती चालणारी रीत दिली की तेवढे गुण पदरात पडतात. सहभागी झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना कोणतं ना कोणतं पदक मिळतं. त्यातही सुवर्ण एकूण स्पर्धकांच्या बाराव्या हिश्शाला. मुली या स्पर्धेत फार कमी दिसतात म्हणून युरोपात मुलींसाठी वेगळं ऑलिंपियाड २०२१मध्ये झुरिचपासून सुरू झालं. आपल्याकडे संगणकाच्या तासाला उत्साहाने पुढे बसणारी मुलगी दहावीनंतर या वाटेवरून कुठं गळते, याचा विचार प्रत्येक शाळेने आपल्यापुरता तरी करावा.

भारत या ऑलिंपियाडमध्ये २००२पासून उतरतो. संगणनशास्त्रात संशोधन करणाऱ्यांची भारतीय संघटना निवड-परीक्षा घेते आणि शेवटचं प्रशिक्षण शिबिर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली चालत आलं आहे. या निवडीचा एक भाग मला आपल्या गावांसाठी फार मोलाचा वाटतो. झोनल इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाड ही पहिली पायरी कित्येक वर्षं कागद-पेन्सिलवर घेतली गेली. संगणक नाही, प्रोग्रॅमिंगची भाषा येण्याची अट नाही. एक प्रश्न आणि त्याची तीन उदाहरणं. पहिलं बोटांवर सुटेल इतकं लहान, दुसरं जरा मोठं, तिसरं इतकं मोठं की रीत सापडल्याशिवाय वेळेत होऊच नये. यंत्राशिवाय घेतलेली ही यंत्रविद्येची परीक्षा. त्या जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन आजही कोणत्याही शाळेत, वीज गेली असतानाही, वर्ग चालवता येतो.

त्याहून लहान मुलांसाठी 'बेब्रास' ही स्पर्धा आहे. लिथुआनियाच्या प्राध्यापिका व्हॅलेंटिना डागिएने यांनी २००४मध्ये ती सुरू केली. बेब्रास म्हणजे लिथुआनियन भाषेत बीव्हर, नदीवर काटक्यांचे बांध घालणारा कष्टाळू प्राणी. चित्रांची, रांगांची, वाटांची छोटी कोडी असतात आणि एकेक कोडं दोन-चार मिनिटांत सुटावं अशी अपेक्षा असते. भारतात ती एसीएम इंडियाच्या 'सीएसपाठशाळा' या उपक्रमाने आणली आणि मराठीतही उपलब्ध केली. शिष्यवृत्तीची बुद्धिमत्ता चाचणी घरोघरी सोडवून घेणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला हा प्रकार परका वाटू नये. सांकेतिक भाषा, संख्यामालिका, दिशा यांचा सराव केलेली मुलं बेब्रासच्या उंबरठ्यावर आधीच उभी असतात. फरक एका गोष्टीचा आहे. शिष्यवृत्तीत चारांपैकी एका वर्तुळात खूण केली की काम झालं. इथं 'असंच का?' हे विचारायची सवय लावायची असते.

मग इतकी वर्षं हे आपल्या शाळांपर्यंत का आलं नाही? संगणक तर आले होते. १९८४मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात देशातल्या सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. महाराष्ट्रात २००१मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे तालुक्या-तालुक्यात संगणकाची भीती गेली. ते काम मोठं होतं आणि त्याचं ऋण मान्य केलं पाहिजे. पण त्यातून 'कॉम्प्युटर येतो' या वाक्याचा अर्थ पत्र टाइप करता येतं, तक्ता भरता येतो, असा ठरून गेला. गाडी चालवता येणं आणि इंजिन कसं चालतं ते कळणं यांत जेवढं अंतर आहे तेवढंच इथंही राहिलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पूर्व माध्यमिक टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आले आणि त्यासोबत महागड्या शिकवण्यांच्या जाहिरातीही आल्या. सहा वर्षांच्या मुलाला ॲप बनवायला लावणाऱ्या जाहिरातींना पालकांनी भुलू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. वहीवरची ती शंभर घरं फुकट आहेत.

खरा अडसर मला भाषेचा वाटतो. आपल्याकडचं पोर घरी 'हाई काय शे?' विचारतं, शाळेत 'हे काय आहे?' असं लिहितं आणि स्पर्धेत त्याला तोच प्रश्न इंग्रजीत वाचावा लागतो. अहिराणी, मराठी, इंग्रजी असे तीन उंबरठे ओलांडून ते प्रश्नापाशी पोहोचतं, तेव्हा शेजारच्या शहरातलं मूल रीत शोधायला लागलेलं असतं. आणि स्पर्धेच्या प्रश्नात प्रत्येक शब्दाला वजन असतं. 'किमान' आणि 'कमाल' यांची अदलाबदल झाली की सगळं गेलं. '१००पेक्षा कमी' आणि '१००पेक्षा जास्त नाही' यांत एका किलोचा फरक आहे आणि तेवढ्या फरकाने आपल्या गाडीचं उत्तर बदलतं. रांगेतला सलग तुकडा निवडायचा की क्रम न मोडता मधली माणसं गाळून निवडायचं, या दोन गोष्टींना इंग्रजीत दोन जवळजवळ सारखे दिसणारे शब्द आहेत. त्यांत गोंधळून हुशार मुलं भलताच प्रश्न सुंदर सोडवून बसतात.

यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडने काढलेला तोडगा शिकण्यासारखा आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री सगळ्या देशांचे संघप्रमुख एकत्र बसून प्रश्न आपापल्या भाषेत उतरवतात. जपानी मुलाला जपानीत, पोलिश मुलीला पोलिशमध्ये प्रश्न मिळतो. जगातल्या सर्वांत अवघड शालेय स्पर्धेला मातृभाषेची अडचण वाटत नाही, तर तालुक्याच्या स्पर्धेला का वाटावी? प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले पाच-पंचवीस इंग्रजी शब्द मुलं सहज उचलतात. त्यांना प्रश्न आणि रीत मात्र मराठीत मिळाली पाहिजे, आणि वर्गातली चर्चा अहिराणीत झाली तर ती थांबवू नये. जी रीत मुलाला स्वतःच्या बोलीत समजावून सांगता येते, ती त्याला कळलेली असते.

सुरतेकडून येणारी रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला पोहोचते. याच मार्गावरच्या अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढत. याच अमळनेरला १९४५च्या डिसेंबरात वनस्पती तुपाची एक कंपनी स्थापन झाली. तिचं नाव लहान होत होत विप्रो झालं आणि पुढे ती संगणकाच्या धंद्यात जगभर गेली. मला या दोहोंपैकी गुरुजींचं उदाहरण जास्त उपयोगाचं वाटतं. रोज एक पान, हाताने लिहिलेलं, मुलांसाठी. शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी एक प्रश्न लिहावा, संध्याकाळपर्यंत ज्याने-त्याने आपली रीत कागदावर लिहून पेटीत टाकावी, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत सोपी रीत जिची असेल तिने ती फळ्यावर मांडावी. शनिवारी दोन शाळांच्या मुलांनी एकत्र बसावं. मुलांच्या दर गटाला एक संगणक असला तरी पुरतो. उलट बरं, कारण एक टाइप करतो तेव्हा दुसऱ्याला ताळा पाहावा लागतो. शिक्षकांना सगळं आधी यायला हवं असंही नाही. 'मलाही हे सुटलेलं नाही, चला पाहू' असं म्हणणारे सर किंवा मॅडम या विषयाला हव्याच असतात.

सुरुवातीला पायथॉन घ्या, वाचायला सोपी आहे. पुढे ऑलिंपियाडकडे जायचं असेल तर सी प्लस प्लसकडे वळा, तिथं तीच मुख्य भाषा आहे. २००९मध्ये भारतातच सुरू झालेल्या कोडशेफसारख्या संकेतस्थळावर सरावाला प्रश्नांची कमी नाही. भाषेवरून वाद घालण्यात फार वेळ घालवू नका.

आता पहिला प्रश्न. नंदुरबार-दोंडाईचाकडच्या पथारीवर वाळलेल्या मिरचीचे ढीग एका रांगेत आहेत. सगळ्यांचा मिळून एकच ढीग करायचा आहे. एका वेळी फक्त शेजारशेजारचे दोन ढीग एकत्र करता येतात, आणि त्याला त्या दोन्हींच्या मिळून वजनाइतके कष्ट पडतात. एकूण कष्ट कमीत कमी किती?

(अ) ढीग १०, २०, ३० किलोंचे. आधी १० आणि २० एकत्र केले तर कष्ट ३०, मग ६०, एकूण ९०. आधी २० आणि ३० केले तर ५० आणि ६०, एकूण ११०. उत्तर ९०.

(आ) ढीग ६०, ४०, ४०, ६० किलोंचे. दर वेळी सगळ्यात हलकी जोडी आधी उचलायची, ही रीत वापरली तर कष्ट ४२० होतात. याहून कमी करता येतात.

(इ) ढीग ३०, ५०, २०, ४०, १०, ६०, २० किलोंचे. सगळे पर्याय लिहायला बसलात तर पान पुरणार नाही. रांगेतल्या कोणत्या तुकड्यांची उत्तरं आधी काढून टिपून ठेवावी लागतील, ते ठरवा आणि मगच पेन्सिल उचला.